संडासातलं कॅलेंडर

फ्रानेकरच्या वोब्बे होइटिंगानं चौतीस वर्षं पाण्याच्या खात्यात समुद्राचे बांध तपासायची नोकरी केली, आणि त्या चौतीस वर्षांत त्याच्या हद्दीत एकाही गायीच्या गुडघ्यापर्यंत पाणी चढलं नाही. त्यामुळे निवृत्तीनंतरही जगातल्या कुठल्याही संकटाकडे तो एकाच नजरेनं बघायचा: पाणी चढायच्या आधी बांध उंच करायचा. मग ते संकट तळघरातल्या ओलीचं असो, मुलीच्या लग्नाचं असो, नाहीतर बायकोचा चष्मा फ्रिजमध्ये लोण्याशेजारी सापडण्याचं असो.

चष्मा फेब्रुवारीत सापडला. दोघंही हसली. पुढच्या महिन्यात त्याची बायको येल्चे खाटकाच्या दुकानात उभी राहिली आणि ज्या माणसाशी ती तीस वर्षं अरे-तुरेनं बोलत होती त्याचं नाव तिला काही केल्या आठवेना. तिनं 'अहो, तुम्ही' म्हणून वेळ मारून नेली. खाटकाला वाटलं, मागच्या वेळचे सॉसेज वाईट निघाले म्हणून बाई रागावल्या. त्यानं पावशेर खिमा वर फुकट दिला. त्या वेळी मात्र दोघंही हसली नाहीत.

येल्चेची आई शेवटची सहा वर्षं वोब्बेला पोस्टमन समजायची. दर रविवारी वृद्धाश्रमात हा गेला, की ती हात पुढे करून विचारायची, "आज काही आहे का माझं?" आणि वोब्बे खिशातून काहीतरी काढून द्यायचाच. पाण्याच्या खात्याचं एखादं परिपत्रक, कधी गवत कापायच्या यंत्राची जाहिरात. म्हातारी ते उराशी धरून बसायची. हा किस्सा वोब्बे चारचौघांत नेहमी रंगवून सांगायचा. पण लोण्याशेजारी चष्मा दिसल्यापासून त्यानं तो सांगायचा बंद केला. एक दिवस आपण आपल्याच बायकोचे पोस्टमन होणार, एवढी एकच भीती त्याला होती. ती त्यानं कुणालाही सांगितली नाही. त्याऐवजी तो वाचनालयात स्मरणशक्तीवरच्या व्याख्यानाला गेला.

व्याख्यान द्यायला ग्रोनिंगनहून एक तरुण बाई आल्या होत्या. त्यांनी पडद्यावर उंदरांचे दोन पिंजरे दाखवले. एकात भुसा, पाणी आणि खाणं. दुसऱ्यात शिड्या, बोगदे, पळायला चाक, दर दोन दिवसांनी नवी खेळणी आणि शिवाय सोबतीला इतर उंदीर. दुसऱ्या पिंजऱ्यातल्या उंदरांचे मेंदू जास्त तल्लख राहिले. "माणसांचंही बरंचसं असंच दिसतं," बाई म्हणाल्या. "आजूबाजूला नवं काही घडत असेल, डोक्याला काम असेल, माणसांत ऊठबस असेल, तर मेंदूत राखीव ताकद साठते. हमी मात्र कुणी देऊ शकत नाही."

वोब्बेनं वहीत एकच शब्द लिहिला: बांध. हमीचं वाक्य त्यानं लिहून घेतलं नाही.

घरी येऊन त्यानं दारातूनच आपल्या दिवाणखान्याकडे शास्त्रीय नजरेनं पाहिलं. बावीस वर्षं एकाच जागी असलेला सोफा. तीच खिडकी, तोच घड्याळाचा टोला, दहा वाजता तीच कॉफी, तिच्याबरोबर एकच बिस्किट आणि लगेच डब्याचं झाकण बंद. हा तर सरळसरळ पहिला पिंजरा होता. भुशाऐवजी गालिचा, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या दिवसापासून कामाला सुरुवात झाली. सोफा उत्तरेला गेला, जेवणाचं टेबल खिडकीशी आलं, चमचे सुऱ्यांच्या खणात आणि सुऱ्या टॉवेलांच्या. दात डाव्या हातानं घासायचं ठरलं. मुलीचं माळ्यावर पडलेलं अ‍ॅकॉर्डियन खाली आलं. येल्चेनं ते पोटाशी धरून एकदा दाबलं, आणि समोरच्या घरातलं कुत्रं संध्याकाळपर्यंत पलंगाखालून बाहेर आलं नाही.

"वोब्बे, मी उंदीर नाहीये."

"नाहीस. पण तत्त्व तेच."

"मग शिडी कुठंय माझी?"

"शिडी शेडमध्ये आहे. तू चढणार असशील तर काढतो."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वोब्बे वर्तमानपत्र उघडून, बावीस वर्षांच्या सवयीनं, न बघता मागे टेकला आणि सोफा जिथे असायचा तिथे ठेवलेल्या रबराच्या झाडाच्या कुंडीत बसला. आपल्या फ्रानेकरात खिडक्यांना पडदे लावायची पद्धत नाही. प्रामाणिक माणसाला लपवायचं काय असतं, अशी त्यामागची भावना. त्यामुळे शेजारच्या बाउक्येनं हा सगळा प्रकार सायकलवरून उतरून, नीट उभं राहून पाहिला.

"येल्चे गं," ती मागच्या दारातून आत येत म्हणाली, "तुझा नवरा कुंडीत का बसलाय?"

"मेंदूसाठी," येल्चे म्हणाली.

बाउक्येनं मान डोलावली. "उशीरच झालाय त्याला."

हे सगळं वोब्बेनं शांतपणे सोसलं. प्रत्येक मोठ्या बांधकामात सुरुवातीला थोडी माती खचतेच. त्यानं आता शेवटच्या आणि सगळ्यात महत्त्वाच्या कलमाला हात घातला: संडासातलं कॅलेंडर.

हे वाढदिवसांचं कॅलेंडर इथल्या प्रत्येक घरात संडासातच असतं, तसंच होइटिंगांच्याही होतं. त्यात वार नसतात, साल नसतं. नुसते महिने, तारखा, आणि तारखेपुढे माणसाचं नाव आणि जन्मवर्ष. म्हणून ते कधी जुनं होत नाही. भांड्यावर बसलं की बरोबर डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर ते एकतीस वर्षं टांगलेलं होतं. येल्चेच्या अक्षरात शंभरेक नावं, गेलेल्यांच्या नावापुढे एक बारीक क्रूस. माणूस कितीही घाईत असो, रोज सकाळी त्याला आपोआप कळायचं की आज न बोलावता कुणाकडे केक खायला जायचंय. तेच वोब्बेनं खिळ्यावरून उतरवलं.

"हे फार झालं," येल्चे म्हणाली. "ते परत लाव."

"अजिबात नाही. आपली आठवण आपण भिंतीवर टांगून ठेवलीये. ती डोक्यात पाहिजे. आठव बघू, उद्या कोण?"

"उद्या तू मार खाणार आहेस, एवढं आठवतंय."

वोब्बेनं कॅलेंडर वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात सारून ठेवलं, कारण तिथे ती शोधायची नाही. हिशेब अगदी बरोबर होता. ती शोधायला गेलीच नाही. पण शनिवारी गावातला बँड वाद्यांच्या खर्चासाठी रद्दी गोळा करायला आला, तेव्हा वोब्बेनं स्वतःच्या हातानं दोन गठ्ठे उचलून ट्रेलरवर ठेवले. ट्रॉम्बोनवाल्याला 'वाजवत राहा' असा आशीर्वादही दिला. सोमवारी त्याला ते आठवलं, तोवर एकतीस वर्षांचे वाढदिवस लगद्याच्या टाकीत पोचले होते.

तरीही तो डगमगला नाही. मंगळवारी मात्र बाउक्ये मागच्या दारात उभी राहिली. हाताची घडी, अंगात नवा ब्लाऊज.

"काल मी एकाहत्तरची झाले."

येल्चेनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"काल माझ्याकडे अकरा सायकली लागल्या होत्या. तुम्ही दोघं खिडकीत बसून त्या मोजत होतात. मी पाहिलं. मला वाटलं, मोजून झाल्या की येतील. मी मनात ठेवत नाही, म्हणून सांगून टाकते. मला फार वाईट वाटलं." एवढं बोलून ती उरलेला केक टेबलावर ठेवून निघून गेली. कोरडा पडला होता तो.

वोब्बे येल्चेकडे वळला. ती ओट्याला धरून उभी होती. "एकतीस वर्षं शेजारी राहतोय आपण," ती म्हणाली. "सायकली दिसत होत्या मला. मी विचार करत होते, आज काय असेल बरं हिच्याकडे." मग, "आईचंही असंच सुरू झालं होतं."

"मी पण विसरलो की," वोब्बे म्हणाला.

"तू दरवर्षीच विसरतोस. तुझं काय."

त्या दिवशी अ‍ॅकॉर्डियन कुणी काढलं नाही. वोब्बेनं गुपचूप सोफा परत दक्षिणेला लावला. मेंदूचा बांध उंच करायला गेलेला माणूस आपणच बांधाला भोक पाडून आला होता. आता ते बुजवणं हे त्याचं कर्तव्य होतं.

गावात प्रत्येकाची जन्मतारीख ज्या एका जागी लिहिलेली असते, त्या जागी तो गेला. नगरपालिकेत. नंबराचा कागद घेतला, चाळीस मिनिटं बसला. खिडकीमागे एक तरुण मुलगी होती.

"माझ्या गल्लीतल्या एकोणीस घरांचे वाढदिवस हवेत," वोब्बे म्हणाला.

"तसं देता येत नाही हो. खासगी माहिती आहे ती."

"खासगी कसली? मी एकतीस वर्षं त्यांचा केक खातोय!"

"मग तुम्हाला त्यांचे वाढदिवस माहीतच असतील," मुलगी गोड हसून म्हणाली.

वोब्बेनं चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली होती. बिनतोड सरकारी वाक्य समोर आलं की त्याला मनातून आदरच वाटायचा. तिनं दिलेला तक्रारीचा चार पानी फॉर्म त्यानं नीट घडी घालून खिशात ठेवला. त्यातल्या पहिल्याच रकान्यात त्याची स्वतःची जन्मतारीख विचारली होती.

लोकांनाच सरळ विचारावं, तर 'तुझा वाढदिवस कधी असतो रे' हे इथे 'तुझं नाव काय रे' इतकंच वाईट. घरी परतताना पुलावर त्याला उपाय सुचला, आणि तो इतका साधा होता की तो मोठ्यानं हसला. आपलं कॅलेंडर गेलं. पण बाकीच्या अठरा घरांच्या अठरा संडासांत अठरा कॅलेंडरं टांगलेली आहेतच की!

दुसऱ्या दिवसापासून वोब्बे गल्लीत मागच्या दारांनी कॉफीला जाऊ लागला. एक कप, एक बिस्किट, हवापाण्याच्या गप्पा, आणि मग, "जरा जाऊन येतो." आत कडी लावायची, खिशातली वही काढायची, उतरवून घ्यायचं. एका घरी मे महिना, दुसऱ्या घरी जून. जाड कागद फडफडतो आणि संडासाचं दार पातळ असतं, म्हणून एका बैठकीत एकाहून जास्त पानं उलटणं धोक्याचं. शिवाय एकाच संडासावर विसंबून चालत नाही. तिच्या कुंपणाच्या झाडाची पानं रस्त्यापलीकडे उडतात यावरून भांडण झाल्यापासून बाउक्येच्या कॅलेंडरात समोरच्या हार्मनचं नावच नव्हतं. पाण्याची पातळीसुद्धा तीन ठिकाणी मोजतात.

चार दिवसांत सात घरं झाली. पाचव्या दिवशी पावाच्या दुकानात, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बाउक्ये म्हणाली, "वोब्बे, भोपळ्याच्या बिया खा. माझ्या दिराला फरक पडला."

"कशासाठी?"

"लाजतोस काय? सत्तरीनंतर सगळ्या पुरुषांचं तेच होतं. माझ्याकडे दोन दिवसांत तीनदा गेलास. आणि दर खेपेला किती वेळ!"

"लेऊवार्डनला चांगला डॉक्टर आहे," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"कॉफी कमी करा," दुसरं कुणी म्हणालं.

"उभं राहून नाही, बसून करायचं," गल्लीतच राहणारी पाववाली बाई म्हणाली आणि बदामाचा एक पाव आपणहून पिशवीत टाकला.

वोब्बेची मान ताठ होती, पण कान लाल झाले होते. खरं सांगावं, तर आपण लोकांच्या संडासात हेरगिरी करतो हे कबूल करावं लागणार. न सांगावं, तर अख्ख्या फ्रानेकरात आपल्या मूत्राशयाची चर्चा. त्यानं देशासाठी सोसणाऱ्या माणसासारखं पाकीटभर बिया विकत घेतल्या.

त्या बिया त्याच्या कोटात शोधताना येल्चेला वही सापडली.

"रोलिये, नऊ जून, एक्कावन्न," ती वाचत होती. "ट्जित्स्के, बावीस जून. वोब्बे, हे काय आहे? आणि प्रत्येक पानाला संडासातल्या सुगंधी फवाऱ्याचा वास कसा येतोय?"

त्यानं सगळं सांगितलं. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि वोब्बे घाबरून जवळ गेला तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, टेबलावर थापा मारून. फेब्रुवारीपासून ती अशी हसली नव्हती.

"अरे वेड्या, वही घेऊन गेलास? वही कशाला लागते? उद्या मी जाते."

ती गेली. परत आली ती कोट न काढताच बोलायला लागली. "जुलै. तीनला ओट्टो, एकोणचाळीस. अकराला त्यांची नात, तिला आता दात येतायत. चौदाला रोलियेची बहीण, तिचा गुडघा बदलायचाय, डावा." वोब्बेनं फक्त तारखा आणल्या होत्या. हिनं तारखांसकट माणसं आणली. दुसऱ्या दिवशी दोन घरं, तिसऱ्या दिवशी तीन. एखादं नाव निसटलं की ती डोळे मिटून त्या घराच्या दारातून परत आत जायची. कॉफी कशात होती, कुणी काय म्हणालं, भिंतीवर काय होतं. आणि बहुतेक वेळा नाव घेऊन बाहेर यायची. कधीकधी नाही यायची. मग म्हणायची, "जाऊ दे, परत जाईन. त्यांच्याकडे तरी कुठं कोण येतं."

"आता दोघंही?" बाउक्येनं कुंपणावरून विचारलं.

"हो गं," येल्चे म्हणाली. "संसर्गजन्य आहे."

मेच्या तेरा तारखेला वोब्बे समोरच्या हार्मनकडे गेला. हार्मनची बायको मिंके मार्चमध्ये गेली होती. तेव्हापासून त्याच्याकडे फारसं कुणी जात नव्हतं. काय बोलावं कळायचं नाही, म्हणून आज नको उद्या, असं करत सगळेच राहिले होते. हार्मननं कॉफी केली. ती फार कडू होती. बिस्किटाचा डबा त्यानं उघडाच ठेवला, झाकण लावायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. वोब्बे आत गेला, घाईघाईनं वही काढली. समोरच्या पानावर मिंकेच्या गोल अक्षरात होतं: १७, हार्मन, १९४९.

"येल्चे!" घरी येऊन तो ओरडला. "सतरा तारखेला हार्मनचा वाढदिवस! चार दिवसांवर आलाय, आणि गल्लीत कुणाला पत्ता नाही! हे माझ्या पद्धतीचं यश म्हणायचं."

येल्चेनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "सतराला," ती म्हणाली. "बरं. मी गल्लीत सांगून येते."

सतरा मे रोजी दुपारी हार्मननं घरातल्या सपातांमध्ये दार उघडलं, तर अंगणात अठरा घरं उभी होती. फुलं, केक, जास्तीच्या खुर्च्या. बाउक्येसुद्धा होती, हातात कुंपणाच्या झाडाची एक फांदी रिबन बांधून. "कापलीच मी शेवटी," ती म्हणाली. "घे. अभिनंदन."

आत भिंतीला लागून खुर्च्यांचा गोल झाला. रीतीप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं: तुमच्या शेजाऱ्याबद्दल अभिनंदन, तुमच्याही शेजाऱ्याबद्दल अभिनंदन. हार्मन मधोमध बसला होता, डोळ्यांची उघडझाप करत, एक शब्दही न बोलता. येल्चेनं आणलेला गुलाबी साखरेचा केक कापला गेला. वोब्बेची छाती फुगली होती. "काही लोकांना वाटतं, भिंतीवर लिहिलं की झालं," तो गोलाला उद्देशून म्हणाला. "पण तारीख डोक्यात पाहिजे! सतरा म्हणजे सतरा!" सगळे एकदम आपापल्या बशीत बघायला लागले. वोब्बेला ते आदरापोटी वाटलं.

मग कडू कॉफीचा परिणाम म्हणून, यावेळी अगदी खरोखर, त्याला आत जावं लागलं. गोलातून लगेच वाट झाली. पाववाल्या बाईनं हळूच "बसून" अशी खूण केली.

वोब्बे बसला. यावेळी वही नव्हती, घाई नव्हती. समोर कॅलेंडर होतं. सतरा, हार्मन, एकोणपन्नास. त्याची नजर सावकाश पानाच्या वरच्या टोकाला गेली. तिथे मोठ्या अक्षरात छापलं होतं: मार्च.

त्यानं पान उलटलं. एप्रिल. उलटलं. मे. सतरा मेपुढे काही नव्हतं. बाहेर अठरा घरं केक खात होती, आणि चौतीस वर्षं पाण्याची पातळी मिलिमीटरात वाचलेल्या माणसानं महिनाच वाचला नव्हता. त्यानं पानं परत होती तशी केली आणि बाहेर आला. त्याचा चेहरा बघून बाउक्ये म्हणाली, "बिया! कुणाकडे बिया आहेत का?"

"हार्मन," वोब्बे म्हणाला. "मला एक कबूल करायचंय..."

"तारीख बरोबर आहे, वोब्बे," हार्मन म्हणाला. दुपारभरातला त्याचा हा पहिलाच शब्द. "महिना तेवढा चुकला."

बाउक्येनं हातातली बशी खाली ठेवली.

"पान मिंकेच उलटायची," हार्मन म्हणाला. "दर एक तारखेला. मला कधी करावंच लागलं नाही." मग तो उठला, आत गेला, दार ओढून घेतलं. पातळ दारातून सगळ्यांना ऐकू आलं: जाड कागद एकदा फडफडला. बराच वेळ काही नाही. मग दुसऱ्यांदा. हार्मन बाहेर आला, नाक पुसलं आणि म्हणाला, "केक कुणी आणलाय? अजून एक तुकडा मिळेल का?"

संध्याकाळी पाच वाजता होइटिंगा दांपत्य रस्ता ओलांडून घरी आलं. बारा पावलांचं अंतर. सातव्या पावलावर वोब्बे थांबला. "तुला माहीत होतं."

"सतरा मार्च. मिंकेला पोचवून आठ दिवस झाले होते. मी केक केला होता. पण त्याच्या दारात जायचा धीर नाही झाला. फ्रीझरमध्ये ठेवून दिला."

"म्हणजे आज आपण..."

"तोच खाल्लास. दोनदा घेतलास."

"आणि गल्लीला?"

"सगळ्यांना मीच सांगितलं, मार्चमधलं राहिलंय, तेवढं करून टाकू. बाकीची सतरा घरं, एकही सुटलं नाही. वहीशिवाय," ती म्हणाली आणि कुलूप उघडायला पर्समध्ये किल्ली शोधू लागली. किल्ली वोब्बेला तिच्याच डाव्या हातात दिसली. बांध उंच झाला म्हणून समुद्र काही नाहीसा होत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

त्या आठवड्यात नवं कॅलेंडर आलं. येल्चे टेबलाशी बसून नावं लिहीत होती, वोब्बे समोर भोपळ्याच्या बिया सोलत होता. जिथे अडली तिथे ती उठून कोट घालायची आणि त्या घरी जाऊन यायची. तिसऱ्या दिवशी डिसेंबर संपला. तिनं टोपण लावलं. वोब्बेनं सहज म्हणून पानं चाळली. ऑगस्टपाशी थांबला. पुन्हा चाळली. सव्वीस ऑगस्ट रिकामा होता. त्यानं स्वाभिमानानं घसा खाकरला.

"यात एक जण राहिलाय."

"माहितीये."

"कोण ते माहितीये?"

"वोब्बे," येल्चे म्हणाली, "तिथे ज्यांना विसरायची भीती आहे त्यांची नावं लिहायची असतात."

त्यानं एक बी सोलली आणि वाटीत टाकली. मग फेब्रुवारीपासून जे कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यानं टेबलाकडे बघत विचारलं. "आणि मी पोस्टमन झालो, तर?"

येल्चेनं बियांची वाटी आपल्याकडे ओढली. "मग रोज पत्र आणायचं. आईसारखं मला परिपत्रकावर भागवलंस, तर दारात उभं नाही करणार."

कॅलेंडर त्याच खिळ्याला लागलं. आता वोब्बेला बायकोचं म्हणणं मनापासून पटलं होतं, पण पटणं वेगळं आणि खात्याचे नियम वेगळे. सकाळी आत गेल्यावर त्यानं शिसपेन्सिलीनं, अगदी बारीक, सव्वीस ऑगस्टपुढे स्वतःचं नाव लिहून ठेवलं. नुसतं असावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर त्याच्या नावापुढे येल्चेच्या ठसठशीत अक्षरात, शाईनं, कंसात एक शब्द वाढला होता: (पोस्टमन).